नाशिकच्या उन्हातील कॉम्पॅक्ट इम्पेशन्स : या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीतून फुलांनी डवरलेली कॉम्पॅक्ट इम्पेशन्सची रोपे घरोघरी येतात आणि एप्रिल सरण्यापूर्वीच त्यांच्या रिकाम्या कुंड्या जिन्याखाली जाऊन पडतात. नाशिकची हवा या झाडाला मानवत नाही, असे मग सांगितले जाते. माझ्या अनुभवात मात्र दोष हवेपेक्षा घाईचा अधिक असतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे पाने मलूल दिसताच पाणी ओतणे. इम्पेशन्स हे तेरड्याच्याच कुळातले आणि त्याच्यासारखेच रसाळ देठाचे झाड आहे. दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की मुळे जेवढे पाणी वर चढवतात, त्याहून अधिक पानांतून उडून जाते आणि मातीत भरपूर ओल असतानाही रोप मान टाकते. ऊन उतरले की तेच रोप आपोआप ताठ होते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी आठ कुंड्या शेजारच्या काकूंच्या हवाली करून गावी गेलो आणि जाताना ‘रोपे सुकलेली दिसली की पाणी घाला’ एवढेच सांगितले. काकूंनी नऊ दिवस मनापासून, दुपारीसुद्धा, पाणी घातले. मी परतलो तेव्हा आठही रोपे सकाळच्या गारव्यातही माना टाकून होती. एक रोप उपटले, तर मातीला आंबूस वास येत होता आणि मुळे तपकिरी पडली होती. एक मूळ दोन बोटांत धरून ओढताच वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा तंतू उरला. काकूंचा यात काहीच दोष नव्हता, माझी सूचनाच चुकीची होती.

तेव्हापासून मी सकाळी सातच्या सुमारास, बोट दोन पेरे मातीत घालून पाहिल्याशिवाय पाणी देत नाही. दुपारी रोप मलूल झाले, तर कुंडी सावलीत सरकवून संध्याकाळपर्यंत थांबतो. संध्याकाळीही ते सावरले नाही आणि माती ओलीच असली, तर मुळे गेली असे समजून शेंड्याचे तीन-चार इंचांचे निरोगी तुकडे ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचतो. दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात.

दुसरी चूक म्हणजे ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावरून उन्हाचा अंदाज बांधणे. हा शब्द केवळ रोपाचा आटोपशीर बांधा सांगतो. मूळच्या पूर्व आफ्रिकेतील वॉलेरियाना जातीला मुख्यतः सावली हवी. न्यू गिनी जातीला सकाळचे कोवळे ऊन चालते. जपानच्या साकाटा कंपनीचे सनपेशन्स हे संकरित वाण ऊन पेलते खरे, परंतु पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगत एप्रिल-मे काढण्याची अपेक्षा मी त्याच्याकडूनही करत नाही. माझ्याकडे तिन्हींना दहापर्यंतचे ऊन आणि त्यानंतर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) असते.

संध्याकाळी पानांवरून झारी फिरवणे हीसुद्धा वाईट सवय आहे. रात्रभर ओल्या राहिलेल्या वॉलेरियानाच्या पानांखाली पांढरी भुकटी धरते. द्राक्षबागेत वावरलेल्या माणसाला ती पाहताच द्राक्षावरचा ‘डाउनी’ (डाउनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा रोग) आठवतो आणि रोग त्याच घराण्यातलाही आहे. तथापि द्राक्षावरची प्लास्मोपारा व्हिटिकोला आणि इम्पेशन्सवरची प्लास्मोपारा ऑब्ड्युसेन्स या वेगळ्या जाती असून एकीचा रोग दुसऱ्या पिकावर जात नाही. न्यू गिनी आणि सनपेशन्स या रोगापुढे बरेच टिकतात. रोगट रोप मी मुळांसकट पिशवीत बांधून टाकतो, कंपोस्टमध्ये कधीही घालत नाही, आणि त्या मातीत पुन्हा इम्पेशन्स लावत नाही.

शेतातील काळी माती नुसतीच कुंडीत भरू नये; ती पाणी धरून ठेवते. युरियाने पाने माजतात आणि फुले घटतात. वॉलेरियानाचे बी मातीखाली गाडू नये, कारण त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो.

मार्चमध्ये फुललेले रोप पाहून मोह होतो, हे मला समजते. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाऊस ओसरेपर्यंत थांबावे. दसऱ्याच्या सुमारास लावलेल्या रोपाला मुळे पसरायला चार-पाच महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली घसरू लागला, की तेवढ्या रात्रींपुरती कुंडी घरात घ्यावी.