दोन जिवांच्या बाईच्या घरी दारूचं कसं बोलावं

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मी चौदा वर्षं आशा म्हणून घरोघर फिरते आहे. नवीन आलेल्या आशाताई, अंगणवाडीच्या बाया विचारतात, गरोदर बाईला दारूचं विचारायचं तरी कसं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि ज्यांच्या घरात दोन जिवांची सून-लेक आहे, त्यांच्यासाठीही.

"तू पितेस का?" असं कधीच विचारू नका. पहिल्या वर्षी मी विचारलं, वर चार शब्दही सुनावले. ती बाई पुढे बाळंतपणापर्यंत मी अंगणात दिसले की मागच्या दाराने निघून जायची. लोहाच्या गोळ्या घरी पडून राहिल्या, तपासण्या बुडाल्या. पिणं थांबलं की नाही, ते मला कळलंच नाही. ती चूक माझी होती.

आता मी सणापासून सुरुवात करते. "पाळी कधी चुकली? भोंगऱ्याच्या आधी का होळी झाल्यावर?" भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा बाजार. तारीख आठवत नाही, पण बाजार आठवतो. मग पुढचं: "तेव्हा तर घरात सगळ्यांनीच घेतली असेल. तुझ्या वाट्याला किती आली? पेलाभर का वाटीभर?" आणि गप्प बसायचं. तिला काही कबूल करावं लागत नाही, फक्त माप सांगायचं असतं. नवरा, सासरे समोर असतील तर विषय काढूच नका. पाणी भरायला निघाली की सोबत चालायला लागा.

आणि हे फक्त पाड्यावरच विचारायचं असं नाही. तालुक्याच्या गावात, पक्क्या घरातही "बिअर थंड असते", "वाइन तर द्राक्षांची" असं ऐकलंय. मोहाची असो, देशी असो, बिअर असो, बाळाकडे जातं ते एकच अल्कोहोल.

"थोडामा काय व्हस, माय?" असं सासू हमखास विचारते. तेव्हा मी कपाशीचं उदाहरण देते. शेजारच्या शेतात टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं आणि वारा आपल्याकडे असला, तर कपाशीचं काय होतं हे खान्देशात लहान पोरालाही माहीत आहे. फवारा कोणी आपल्या शेतात मारलेला नसतो, वाऱ्यावर आलेला असतो. झाड मरत नाही. पण कोवळी पानं आकसून पंजासारखी होतात, बोंडं नीट धरत नाहीत. झाड जितकं कोवळं, तितकं जास्त नुकसान.

पोटातही तसंच. आईच्या रक्तातली दारू नाळेतून बाळाच्या रक्तात जाते, जवळजवळ तेवढ्याच जोराने. आईचं लिव्हर ती मोडून काढतं. बाळाचं लिव्हर अजून कच्चं, त्याला ते जमत नाही. शिवाय ती गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं. त्या दिवसांत मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात. दारूने काही मरतात, काही भलत्याच जागी अडकतात. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा, आठवण धरणारा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, सगळ्यांवर मार बसतो. वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलमध्ये जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ साली अशा मुलांच्या आजाराला नाव दिलं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. त्याआधी १९६८ मध्ये फ्रान्समध्ये लमॉइन यांनी तेच लिहून ठेवलं होतं. काही मुलांचा वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, डोळे लहान असतात. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. पोरगं शाळेत जातं, काल शिकवलेलं आज विसरतं, हिशोब जमत नाही, एका जागी बसत नाही, एकदा भोगलेली चूक पुन्हा करतं. आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो.

"इतकी चालते" असं सुरक्षित माप कोणी ठरवू शकलेलं नाही. म्हणून शून्य.

मात्र कळण्याआधी प्यायलेल्या बाईला घाबरवू नका. "बाळ गेलं" असं तोंडातून काढायचं नाही. मेंदू नऊही महिने वाढत असतो, आज थांबवलं तर आजपासूनचा फायदा बाळाला मिळतो, हे सांगा आणि डॉक्टरांच्या कानावर घालायला लावा. आणखी एक, फार महत्त्वाचं: जी रोज भरपूर पिते तिला "उद्यापासून बंद" असं सांगू नका. एकदम सोडल्यावर हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात. तिला दवाखान्यातच न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकट नंबर आहे, नवऱ्यासाठीही तोच द्या. तो घरी पीत राहिला तर तिचं सुटणं अवघड.

देवाच्या कामात दारूची धार सोडावी लागते, तिथे वाद घालायचा नाही. आमच्या एका पाड्यावर सासूने स्वतःच तोड काढली: देवाची धार जमिनीवर पडेल, सुनेने हात जोडायचे, तिच्या वाट्याचा पेला सासूच बाजूला करेल. मी फक्त मान हलवली.

बाळ झाल्यावर आम्ही पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात फेऱ्या करतो. त्यात मी कोनाड्याकडे बघते. ब्रँडीची छोटी बाटली असतेच. सर्दीला चमचाभर पाजायची नाही, छातीला चोळायचीही नाही. तान्ह्याची साखर झपकन खाली येते. ऊब हवी तर बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी. आईने घेतली तर दुधातही उतरते.

आणि चौदा-पंधराचं पोरगं. लग्नाच्या वरातीत काकाच पेला हातात देतो, "मरद व्हयना" म्हणून. विचार करून थांबवणारा कपाळामागचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. अमेरिकेतल्या, १९९७ मध्ये छापून आलेल्या मोठ्या पाहणीत पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे दारूत अडकलेले निघाले, विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत सुमारे १० टक्के. पोराला नका झापू, काकाला वरातीच्या आदल्या दिवशी गाठा. वरातीत गाठलं तर तो ऐकणार नाही.

ज्या मुलाला पोटातच दारूचा मार बसल्याची शंका आहे, त्याच्या आईला एकच करायला सांगा. शाळा-अंगणवाडीत मुलांना तपासायला सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि गरोदरपणी घेतली होती हे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आई एकटी जायला कचरते. मी त्या दिवशी तिच्यासोबत सकाळच्या एसटीने जाते.