ठाण्याची खाडी पाहायला निघण्यापूर्वी तिथी पाहा

ठाणे आणि नवी मुंबई एकाच दिवसात फिरायचे असल्यास बेत घड्याळावर न आखता भरतीच्या वेळेवर आखावा, कारण ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी सुटणाऱ्या बोटी खाडीत पुरेसे पाणी असतानाच जाऊ शकतात. भरतीची अंदाजे वेळ काढण्याचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, तर अष्टमीला सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरते. खाडीच्या आतल्या भागात ते किंचित उशिरा पोहोचते. अर्थात, हा केवळ अंदाज असल्याने बोटीची नेमकी वेळ केंद्राकडून आधी विचारून घ्यावी. रोहित साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात दिसतात. 2022 मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

भरती दुपारची असेल, तर सकाळ जुन्या ठाण्याला द्यावी. मासुंदा तलावाला फेरी मारून कौपिनेश्वराचे दर्शन घ्यावे, वाटेत मिसळ खावी (तिखट बेतानेच मागावी, पुढे उन्हात बसायचे आहे) आणि ठाणे स्थानकातून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल पकडून ऐरोलीला उतरावे. तेथून केंद्रापर्यंत रिक्षा करावी. भरती सकाळची असल्यास हाच क्रम उलटा करावा, म्हणजे संध्याकाळच्या वेळी तलावपाळीवर (मासुंदा तलावाच्या काठी) निवांत बसता येते.