पेटंट वाचताना आधी दावे
पेटंट हातात आलं की वर्णनात अडकू नका, थेट दाव्यांकडे, म्हणजे संरक्षण नेमकं कशाला मागितलंय हे सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांकडे जा. हक्काची हद्द तिथेच ठरते. पहिला स्वतंत्र दावा (जो दुसऱ्या दाव्यावर टेकलेला नाही) घ्या, त्याचे घटक सुटे करून एकाखाली एक लिहा आणि समोरच्या उत्पादनाशी एकेक ताडून पाहा. एखादा घटक किंवा त्याच्या तोडीचं काहीच सापडलं नाही, तर त्या दाव्याचं उल्लंघन होत नाही. नवशिके नुसता सारांश वाचून निष्कर्ष काढतात आणि इथेच फसतात.

ट्रेडमार्कसाठी नीस वर्गीकरण, म्हणजे वस्तू-सेवांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी, उघडा: ४५ वर्ग, पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले सेवांचे. पण वर्ग वेगळा म्हणजे वाद टळला, असं अजिबात समजू नका.

१८८३च्या पॅरिस करारातल्या अग्रक्रमाच्या मुदती (एका देशात पहिला अर्ज केल्यावर तीच तारीख राखून इतर सदस्य देशांत अर्ज करायला मिळणारा वेळ) मात्र पाठच करा: पेटंटला १२ महिने, ट्रेडमार्कला ६.