काल्पनिक जगाचा नकाशा काढताना या चुका टाळा

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळासाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या खेळासाठी, काढलेल्या नकाशाची परीक्षा खेळाडूंच्या प्रश्नांनी होते. तिथे पोहोचायला किती दिवस लागतील, वाटेत काय लागेल, आणि पूल पडला असेल तर दुसरी वाट कोणती, हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकीत, येतात. नकाशा कितीही देखणा असला तरी त्याला यांची उत्तरे देता आली नाहीत, तर गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, ऐनवेळी काहीतरी ठोकून द्यावे लागते आणि तीन सेशननंतर ते उत्तर कोणाच्याच लक्षात राहत नाही. खाली दिलेल्या बहुतेक चुका चित्रकलेच्या नाहीत, भूगोलाच्या आणि मोजमापाच्या आहेत. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना त्या सुधारणे तुलनेने सोपे जावे, कारण खाडी, बेट, खाजण, डोंगर, घाट आणि पठार हे सारे प्रकार इथून एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

अख्ख्या खंडापासून सुरुवात

नवा गेम मास्टर कागद घेतो आणि थेट खंडाचा किनारा काढू लागतो. त्या खंडावर सात राज्ये बसतात, प्रत्येकाला राजधानी मिळते, आणि खेळ मात्र पहिले अनेक महिने एका गावाभोवतीच फिरतो. मोठा नकाशा काढण्यात गैर काही नाही, पण त्याचे स्केल ठरलेले नसते ही खरी अडचण आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, साध्या चालीने दिवसाला २४ मैल, घाईने ३० मैल आणि सावधपणे १८ मैल चालते, अवघड भूप्रदेशात हे अंतर निम्मे होते. २४ मैल म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तो मार्ग ३४ किलोमीटरचा होता, म्हणजे आपल्या पार्टीची ती जेमतेम एका दिवसाची चाल. ठाण्याहून निघून तीन दिवस चालले तरी, बोरघाटाची चढण हिशेबात धरल्यास, पुणे गाठता येत नाही.

हे गणित एकदा मनात बसले की पहिल्या नकाशाचा आकार आपोआप ठरतो. १२० किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद प्रदेश पुष्कळ दिवस पुरतो. त्यावर १० किलोमीटरचे षटकोन आखावेत. इंग्रजी पुस्तकांत सहा मैलांचा षटकोन रूढ आहे, आणि १० किलोमीटर त्याच्या अगदी जवळ जातात. या मापाला आधारही आहे: सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आसपास दिसते, त्यामुळे षटकोनाच्या मध्यावर उभ्या असलेल्या पार्टीला साधारण त्या षटकोनाच्या कडेपर्यंतचा प्रदेश दिसतो, असे धरून चालता येते. असे दीडशेहून अधिक षटकोन भरणे हेच बरेच काम आहे; उरलेला खंड टिपणवहीत चार ओळींत राहू द्यावा.

नकाशा आधीच काढून झाला असेल आणि अंतरे विसंगत वाटत असतील, तर चित्र पुसण्याची गरज नाही. खेळात आधी सांगून झालेला एक प्रवास घ्यावा, त्याला लागलेल्या दिवसांवरून किलोमीटर काढावेत आणि तेच स्केल साऱ्या नकाशाला लावावे. जी ठिकाणे त्यानंतर फार दूर जातात तिथे नदीमार्ग किंवा घोड्यांची टप्प्याची व्यवस्था दाखवता येते.

उलट वाहणाऱ्या नद्या

नद्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलती होतात आणि जाणत्या खेळाडूच्या त्या लगेच नजरेस येतात. डोंगरातून निघालेली नदी मैदानात येऊन दोन फाट्यांत विभागते, एक फाटा पूर्वेच्या समुद्राला आणि दुसरा पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. किंवा एका सरोवरातून तीन बाजूंना तीन नद्या निघतात. पाणी उपलब्ध वाटांपैकी सर्वांत खोल वाट धरते, आणि ती वाट वाहत्या पाण्याने आणखी खोल होत जाते. त्यामुळे प्रवाह खाली येताना एकमेकांना मिळत जातात, फुटत नाहीत. सरोवराची पातळी वाढली की काठावरच्या सर्वांत सखल जागेतून पाणी बाहेर पडते आणि तेच एक निर्गमद्वार कायम होते.

यावर ठाण्याचा वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास कर्जत आणि बदलापूरवरून कल्याणकडे येते, काळू आणि भातसा यांचे पाणी तिला मिळते, हे सर्व नियमाप्रमाणे घडते. पण ठाण्याच्या उत्तरेला मात्र तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे जातो आणि एक लहान फाटा ठाणे खाडीला जोडला जातो. साष्टी बेट मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे ते या दोन पाण्यांमुळे. इथे नदी फुटू शकते, कारण उतार जवळपास संपलेला आहे आणि दिवसातून दोनदा भरतीचे पाणी उलट दिशेने आत शिरते. नकाशासाठी यातून नेमका नियम मिळतो: भरती जिथवर चढते त्या सखल पट्ट्यात, किंवा गाळाच्या त्रिभुज प्रदेशात, नदीला फाटे द्यावेत, त्याच्या वर देऊ नयेत. असा फाटा खेळालाही उपयोगी पडतो, कारण ओहोटीला चिखलात अडकणारी होडी आणि भरतीची वेळ सांभाळणारा तस्कर हे प्रसंग त्यातून विनासायास तयार होतात.

दुसरा गैरसमज असा की नदी जवळच्या समुद्राला मिळते. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ, अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, तरी ती पूर्वेला वळून १,४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, कारण जमिनीचा उतार तिकडे आहे. म्हणून नदी काढण्याआधी जलविभाजक, म्हणजे पाणी कोणत्या बाजूला वाहून जाईल हे ठरवणारी उंच कड, पेन्सिलीने आखून घ्यावी. काढून झालेल्या नकाशात चूक सापडली तर सोपा उपाय असा: फाटलेल्या नदीचा एक फाटा मधोमध तोडावा आणि त्या जागी छोटी टेकडी ठेवावी, एका नदीच्या दोन नद्या होतात, आणि मधल्या कोरड्या पट्ट्यावरून व्यापारी होड्या खांद्यावर वाहून नेतात असे ठरवले तर एक नाकेही मिळते.

डोंगरांची तटबंदी

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगराचा तयार शिक्का असतो आणि तो ओळीने उमटवत गेले की डोंगररांग झाली असे वाटते. अशा रांगेच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तिला खिंड कुठेच नसते. सह्याद्री पाहा: कोकणाच्या बाजूने तो उभा कडा आहे, आणि वर चढून गेल्यावर पलीकडे तेवढे उतरावे लागत नाही, देशावरचे पठार हळूहळू पूर्वेला कलत जाते. असा एकतर्फी डोंगर नकाशात घातला की दोन राज्यांची लष्करी स्थिती आपोआप वेगळी होते. खालच्याला चढाई अवघड, वरच्याला घाट राखणे सोपे. मात्र मीठ आणि बंदरातला माल खालच्याच्या हातात.

पावसाचेही तसेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून जवळच असलेल्या वाईला १,००० मिलिमीटरही होत नाही. आधी वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण समासात काढावा, मगच जंगल आणि माळरान रंगवावे. दाट अरण्याला लागून वाळवंट, आणि मध्ये डोंगर नाही, असे दिसले तर दोहोंच्या मधे उंच रांग घालावी. तेवढ्याने काम भागते. जादूमुळे वाळवंट झाले असे सांगण्याची सोय आहेच, पण ती एका नकाशात एकदाच वापरावी, दुसऱ्यांदा ती सबब वाटते.

विनाकारण वसलेली गावे

रिकाम्या जागा भरण्यासाठी गावे टाकली जातात आणि मग त्यांच्यात फरक उरत नाही. नाणेघाटाचे उदाहरण मनाशी ठेवण्यासारखे आहे. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नरची बाजारपेठ, आणि त्यांना जोडणारी अरुंद चढण. सातवाहनांच्या काळातील लेख तिथल्या लेण्यात कोरलेला आहे, घाटमाथ्यावर दगडी रांजण असून तो जकातीसाठी होता असे मानले जाते, आणि पुढच्या काळात जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले या टापूवर नजर ठेवून उभे होते. एका खिंडीने बंदर, नाके, बाजार आणि चार किल्ले दिले. आपल्या नकाशावर गावाचे टिंब ठेवताना इथे वाट तुटते, पाणी बदलते किंवा माल उतरवावा लागतो का, हे विचारावे. तिन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले तर ते टिंब पुसावे.

बंदरही खुल्या समुद्राच्या तोंडावर नेमके मधोमध काढले जाते. वादळ आणि चाचे यांपासून आडोसा हवा म्हणून कल्याण आणि ठाणे ही जुनी बंदरे खाडीने आत शिरून वसली आहेत, हे लक्षात घ्यावे.

शहराच्या नकाशात वेगळाच दोष आढळतो: हजार वर्षांच्या जुन्या शहराला काटकोनात रस्ते दिलेले असतात. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाने, आखलेले वाशीचे सेक्टर आणि ठाण्यातील मासुंदा तलावापासून जांभळी नाक्याकडे जाणाऱ्या गल्ल्या एकाच दिवशी चालून पाहिल्या तर हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आखीव शहर हवेच असेल तर ते कोणी, कधी आणि कशासाठी वसवले याचे उत्तर तयार ठेवावे, आणि घणसोली, तुर्भे, नेरुळ यांच्याप्रमाणे आधीच्या गावांची नावे नव्या वस्तीत टिकू द्यावीत.

देवनागरी लेबले का बिघडतात

मराठीत नकाशा करणाऱ्यांना हमखास येणारी अडचण अशी की काही नकाशा-सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीत: ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि ‘क्ष’, ‘त्र’ यांचे पाय मोडून हलन्त दिसतात. फॉन्ट बदलून हा दोष बहुधा जात नाही. नकाशा लेबलांशिवाय पीएनजी या चित्राच्या स्वरूपात बाहेर काढावा आणि नावे इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालावीत. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे मोफत फॉन्ट तिथे व्यवस्थित चालतात.

इंग्रजी नकाशात मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरे लांब लांब पसरून लिहितात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे वाचावे लागतात. त्याऐवजी अक्षरे मोठी आणि फिकी ठेवावीत. वळणावर नाव घालायचे असेल तर वळण अगदी सौम्य असावे, नाहीतर मात्रा एकमेकींवर आदळतात. चॉकलेटी कागदावर चॉकलेटी अक्षरांचा मोह तर सर्वांनाच होतो. टेबलापासून हातभर अंतरावर ती वाचता येत नाहीत.

छापून आल्यावर दिसणारे दोष

लढाईचा नकाशा छापताना एक इंच म्हणजे पाच फूट हे माप धरले जाते. छापील चौकोन इंचापेक्षा लहान आला आणि मिनिएचर, म्हणजे पात्राची छोटी मूर्ती, त्यात मावेनासे झाले, तर प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ निवडले गेले आहे असे समजावे. दुकानदाराला ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के असे स्पष्ट सांगावे आणि पूर्ण संच छापण्याआधी एका पानावर फूटपट्टी लावून पाहावी. ए३ कागदावर ११ गुणिले १६ पूर्ण चौकोन बसतात, म्हणजे ५५ फूट बाय ८० फूट जागा. त्याहून मोठी गुहा आखली असेल तर पाने कुठे जोडायची हे आधीच ठरवावे, आणि तो जोड भिंतीवरून न्यावा.

छपाई धूसर येत असेल तर कारण बहुधा पिक्सेलमध्ये असते. ऑनलाइन खेळाच्या व्यासपीठांवर चौकोनाला ७० पिक्सेल पुरतात, कागदावर मात्र इंचाला ३०० लागतात. ए३साठी ही संख्या सुमारे ३,५०८ गुणिले ४,९६१ होते. लहान प्रतिमा ताणून मोठी केली तरी तपशील परत येत नाही, म्हणून मूळ फाइलच मोठी करून पुन्हा निर्यात करावी. पडद्यावर झळाळणारा निळा-हिरवा समुद्र छपाईत मळकट उतरतो, त्यामुळे समुद्र पांढरा ठेवून किनाऱ्याला समांतर दोन-तीन रेषा काढणे स्वस्तही पडते आणि शोभतेही.

खेळाडूंना देण्याच्या प्रतीत गुप्त दालने आणि सापळे लपवलेल्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, ठेवून पीडीएफ पाठवली जाते. काही पीडीएफ वाचकांत लपवलेला लेयर एका टिचकीत उघडतो. खेळाडूंची प्रत नेहमी एकसंध पीएनजी असावी, तिच्या नावात ‘खेळाडू’ हा शब्द असावा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी ती दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी.