लोकसभेला मत ठरवताना: उमेदवाराचे शपथपत्र कसे वाचावे

स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या मतदाराची, म्हणजे माझीही, एक जुनी खोड आहे. देशाच्या परराष्ट्र धोरणावर त्याला तासभर बोलता येते, पण आपल्याच मतदारसंघात उभ्या असलेल्या उमेदवारांपैकी दोघांपलीकडे तिसऱ्याचे नाव सांगता येत नाही. एके काळी अशा मंडळींना नेमस्त म्हणून हिणवत असत; ते नेमस्त निदान सरकारी कागद बारकाईने वाचत. या खोडीवर उतारा म्हणून गेल्या दोन लोकसभा निवडणुकांत मी जी पद्धत बसवली, ती येथे देत आहे.

आरंभ मतदार यादीपासून करावा, कारण ओळखपत्र कपाटात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असे नव्हे. भाड्याचे घर बदलले की नमुना ८ भरून पत्ता बदलून घ्यावा आणि प्रथमच नोंदणी असल्यास नमुना ६ भरावा. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच उरकावे. एका मताने काय होते, असे कोणी विचारल्यास मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाची आठवण करून द्यावी: २०२४ साली तेथील निकाल ४८ मतांच्या फरकाने लागला. एखाद्या सोसायटीच्या एका जिन्याला याहून अधिक मतदार राहतात.

अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान दोन आठवडे मिळतात. हाच शपथपत्रे वाचण्याचा काळ होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. नमुना २६ मधील हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येते. अनेकदा ते हाताने भरून, तिरके स्कॅन केलेले असते. कंटाळा येतो, पण वाचावे.

मी पहिल्यांदा वाचायला बसलो तेव्हा थेट मालमत्तेच्या तक्त्याकडे वळलो होतो. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले; त्यांनी भिंग बाजूला ठेवून मला थांबवले. "जावईबापू, आधी देणी बघा. माणूस काय मिरवतो ते मालमत्तेत दिसतं, कोणाच्या मिंधेपणात आहे ते देण्यांत दिसतं." तेव्हापासून आमच्याकडे हाच क्रम आहे. कर्ज बँकेचे आहे, की एखाद्या बांधकाम कंपनीकडून घेतलेली बिनव्याजी उचल आहे, हे प्रथम पाहावे. सरकारी निवासस्थानाचे भाडे, वीज आणि पाणी यांची थकबाकीही येथेच नोंदवावी लागते. पत्नी किंवा पती, अवलंबून असलेली मुले आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांचे रकाने गाळू नयेत, कारण पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते.

त्यानंतर त्याच उमेदवाराचे पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवावे. मालमत्ता तिप्पट झाली म्हणून लगेच बोंब मारू नये. जमिनीची खरेदीची किंमत आणि आजची किंमत अशा दोन्ही नोंदी असतात, त्यामुळे वाढ नव्या खरेदीमुळे झाली की भाव चढल्यामुळे, हे वेगळे काढता येते. नवी खरेदी दिसली, तर मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न तिला पुरे पडते का, हा प्रश्न विचारावा.

गुन्ह्यांचा आकडा एकटा पाहणे हा आळस आहे. रास्ता रोको केलेल्या कार्यकर्त्यावर बेकायदा जमाव आणि आदेशभंग यांची डझनभर प्रकरणे असू शकतात आणि फसवणुकीचे एकच प्रकरण असलेला दुसरा उमेदवार आकड्यांत त्याच्यापेक्षा स्वच्छ दिसतो. म्हणून कलम वाचावे आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, ते पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने ४२० आता ३१८ मध्ये शोधावे लागते.

एवढे केल्यावरही एक अडचण उरते आणि ती आपल्यासारख्यांना सर्वाधिक छळते. उमेदवार सज्जन, पण पक्ष नकोसा, किंवा याच्या उलट. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश निघाला की खासदाराला सभागृहात पक्षाच्या बाजूनेच मत द्यावे लागते. नाही दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे नागरिकत्व, माहितीचा अधिकार, अभिव्यक्ती अशा विषयांवर आपल्या सज्जन खासदाराचे वैयक्तिक मत फारसे उपयोगी पडत नाही. माझा निर्णय असा आहे की शपथपत्राचा उपयोग नावे खोडण्यासाठी करावा आणि उरलेल्यांतून निवड पक्षाच्या संसदेतील वर्तनावरून करावी. हजेरीच्या टक्केवारीला फार भुलू नये. मंत्री हजेरीपटावर सहीच करत नाहीत.

सगळीच नावे खोडली गेली, तर नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखून बटण दाबावे. इंदूरमध्ये २०२४ साली २,१८,६७४ मते नोटाला पडली आणि नोटा दुसऱ्या स्थानी राहिला, तरीही विजयी उमेदवाराचे मताधिक्य अकरा लाखांहून अधिक होते आणि निवडणूक रद्द झाली नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर या काळात जे येते, त्याला लेखांनी उत्तर देत बसू नये. मामांनी एखाद्या उमेदवाराच्या कथित संपत्तीचा संदेश पुढे ढकलला, तर शपथपत्राचे ते एक पान टाकून गप्प बसावे. मामा मत बदलत नाहीत, पण पुढचा संदेश दोन दिवस उशिरा येतो.

मतदान केंद्रावर फोन घरी ठेवून जावे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ नजर हलवू नये. आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलेले आढळले, तर वाद घालत परत न फिरता केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागावी. ओळख पटल्यास ती मिळते.

घरी आल्यावर उतरवून घेतलेली शपथपत्रे पुसून टाकू नयेत. आमच्याकडे ती छापून एका फाइलमध्ये लावली आहेत आणि सासऱ्यांनी तिच्या कण्यावर निळ्या शाईने '२०२९ ला काढणे' असे लिहिले आहे.