टस्कीगीच्या इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी

मराठी वाचक टस्कीगीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेकडे, बहुधा कार्व्हर यांच्यामुळे, नाहीतर १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रामुळे वळतो. पहिल्याच्या मनात संस्थेविषयी भक्ती असते, तर दुसऱ्याच्या मनात तिचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याविषयी अढी, कारण ड्यू बॉइस हे त्यांचे टीकाकार होते. दोन्ही बाजूला ठेवा. बाजू आधी ठरवायला लावणारा मार्गदर्शक कितीही विद्वान असला, तरी माझ्या मते तो टाळावा.

१८८१ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर दिले, तेही केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन आणि इमारती संस्थेनेच उभ्या करायच्या होत्या. विद्यार्थ्यांनी विटा पाडल्या आणि भट्ट्या फसल्या तरी पुन्हा रचल्या. हा भाग वाचताना कोणीही भारावते.

खरी अडचण पुढे आहे आणि मीही तिच्यात बराच काळ गुंतून पडले होते. वॉशिंग्टन यांचे जाहीर बोलणे हीच त्यांची पूर्ण भूमिका, असे आपण धरून चालतो. १८९५ च्या अटलांटातील भाषणात त्यांनी राजकीय हक्कांपेक्षा उद्योगशिक्षणावर भर दिला. ते ऐकणाऱ्यांत दक्षिणेतले गोरे पुढारी होते आणि संस्थेचा खर्च उत्तरेतल्या देणगीदारांवर चालत होता. मात्र १९०१ च्या संविधानाने अलाबामातील कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतल्यावर जाइल्स यांचा जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०३ मध्ये हरला, त्याला वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवत होते आणि वकिलाशी सांकेतिक नावांनी पत्रव्यवहार करत होते. भाषणांत याचा मागमूस सापडत नाही. म्हणून कोणत्याही वर्षाचे जाहीर लेखन त्याच वर्षीच्या खासगी पत्रांशेजारी ठेवल्याशिवाय एकही निष्कर्ष लिहू नका. निवडक उताऱ्यांच्या संग्रहावर तर मुळीच विसंबू नका.

त्यांना छुपे बंडखोर ठरवण्याचीही घाई नको, कारण हेच गृहस्थ विरोधी कृष्णवर्णीय वृत्तपत्रांना पैशाच्या जोरावर वळवू पाहत होते.

लुई हार्लन यांनी संपादित केलेल्या वॉशिंग्टन यांच्या पत्रव्यवहाराचे १४ खंड पाहून धीर सोडू नका. शेवटचा खंड सूचीचाच आहे, आणि १८९५ ते १९०३ या काळापुरते तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे खंड सुरुवातीला पुरतात.