फॉर्मच्या आधी वही: आठवी-नववीच्या पोरांची तयारी

आपल्याकडे विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, मग पुस्तकं, युनिफॉर्म, ट्यूशन करता करता जुलै निघून जातो, आणि विज्ञानाच्या स्पर्धांचे फॉर्म नेमके त्याच गडबडीत येतात. म्हणून मे महिन्यातच तयारीला लागा. सगळ्यात आधी दोनशे पानी साधी वही घ्या आणि त्यात रोज तारीख, वेळ आणि मोजलेला एक आकडा लिहा, बस. मागच्या वर्षी माझ्या मुलीने प्रकल्प केला, चार्ट एकदम सुंदर होता, पण परीक्षक मॅडम चार्टकडे न बघता म्हणाल्या, "बेटा, कच्ची वही दाखव." आमच्याकडे होती फेअर केलेली, एकही खाडाखोड नसलेली, आणि रीडिंग फक्त शेवटच्या दहा दिवसांचे. पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आता आमच्या घरी चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर रेघ मारून बाजूला नवीन लिहायचा, आणि एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर तसंच "राहिलं" असं लिहायचं.

आता मोजायचं काय? नागपुरात मे महिन्यात याचं उत्तर खिडकीतच असते, कूलर. टाकी रिकामी करून मापाच्या बादलीने पाणी भरा आणि दर 5 लिटरला आतून मार्करने रेघ मारा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर पाणी कोणत्या रेघेवर आहे ते लिहा, दोन्ही वेळी पंप दोन मिनिटं बंद ठेवून, कारण ताट्यांमधलं, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्यांमधलं, पाणी खाली उतरलं नाही तर आकडा चुकतो. सोबत साधे दोन थर्मामीटर टांगा, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा. दोघांतला फरक जेवढा जास्त तेवढी हवा कोरडी, आणि तेवढा कूलर जास्त पाणी पिऊन राहिला हे तुम्हाला स्वतःच्या वहीत दिसेल. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.67 युनिट विजेएवढी उष्णता ओढली जाते, गारवा येतो तो त्यामुळे. पहिला पाऊस पडला की हवा दमट होते, फरक कमी होतो आणि कूलर नुसता चिकचिक करतो, म्हणून जूनचे रीडिंग अजिबात सोडू नका, खरी गंमत तिथंच आहे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती ब्रशने घासा, नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेजवळ भिंतीला चिकटून बसतात. ते पाणी अंगण धुवायला वापरा, कुंड्यांना नको, वाफ होऊन क्षार मागे राहतात ना, ताट्यांवर पांढरा थर दिसतो तोच.

पावसाळ्यात सरळ बाजूंचा डबा गच्चीवर ठेवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजा. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 900 लिटर पाणी. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठी घरात पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा हा आकडा आपल्यासाठी नुसतं गणित नाही.

आता फॉर्मचं. इन्स्पायर-मानक म्हणजे मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना, तिथं मुलाला स्वतः अर्ज करता येत नाही, कल्पना शाळाच ऑनलाइन पाठवते, म्हणून शाळा उघडल्या उघडल्या विज्ञानाच्या सरांना भेटा. निवड झाली तर 10,000 रुपये थेट खात्यात येतात, तेव्हा मुलाच्या नावाचं बँक खातं आत्ताच काढा आणि आधारवरचं, शाळेतलं आणि बँकेतलं नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते बघा, खूप लोकांचं इथंच अडते. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीसाठी, लेखी झाली की प्रॅक्टिकल आणि पुढे प्रकल्प, त्यामुळे गाईड पाठ करून पुढे जाता येत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 10 ते 17 वयासाठी आहे, तिथं आपल्या परिसरातलाच प्रश्न हवा असतो, म्हणजे कूलरची वही सरळ कामी येते. ज्युनिअर सायन्सची ऑलिम्पियाड साधारण नोव्हेंबरमध्ये असते, पेपर अवघड असतो, एकदा देऊन बघायला काहीच हरकत नाही. इस्रोचं युविका हे अवकाश विज्ञानाचं शिबिर नववीतल्या मुलांसाठी आहे, त्यात आठवीचे मार्क धरतात आणि विज्ञान प्रदर्शनाचे सर्टिफिकेट पण, तर सगळे एका फाइलमध्ये ठेवा, दहा जागी नको.

सुट्टीत एक दिवस गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात घालवा, सकाळीच जा, वही सोबत न्या. आणि मोजायची बादली वेगळी ठेवा, घरात सांगून ठेवा की तिच्यात कपडे भिजवायचे नाहीत, आमच्याकडे दोनदा झालंय.